टीव्ही लागला, आता शिक्षकांचं ट्रेनिंग आपल्याच वर्गात घ्या

विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, बाकी महाराष्ट्राच्या आठ-पंधरा दिवस मागून, कारण आपल्याकडचं ऊन तोवर पत्र्याखाली बसू देत नाही. उघडल्या उघडल्या आपण खोल्या झाडतो, पुस्तकं वाटतो, पोषण आहाराचा तांदूळ मोजून घेतो, आणि भिंतीवरचा टीव्ही एप्रिलमध्ये ज्या चादरीखाली गेला त्याच चादरीखाली राहतो. पंधरा ऑगस्टला निघतो, पाहुणे पाहून जातात, परत चादर.

मी यवतमाळ जिल्ह्यात जिल्हा परिषद शाळेवर आहे, १९ वर्षं झाली. गेली काही वर्षं आमच्या केंद्रातल्या (केंद्र म्हणजे जवळपासच्या गावांतल्या सरकारी शाळांचा गट) आसपासच्या शाळांसोबत मिळून टीव्ही-मोबाईल-लॅपटॉप वापरून शिकवायचं कसं, हे एकमेकांना शिकवायचं काम करून राहिलो आहे. त्यातून माझं एक मत पक्कं झालं. शिक्षकाला हे सगळं त्याच्या स्वतःच्या वर्गात, त्याच्याच टीव्हीवर, सोमवारी जो पाठ घ्यायचा आहे त्याच पाठावर शिकायला मिळालं पाहिजे, आणि शेजारच्या शाळेतला एखादा सोबती बाजूला बसलेला पाहिजे. एवढं झालं तर रिटायरमेंटला दोन वर्षं राहिलेल्या मॅडमही शिकतात, मी डोळ्यांनी पाहिलंय.

उलटं काय होतं तेही पाहिलंय. एका ट्रेनिंगला आम्ही शंभरावर लोक एका हॉलमध्ये होतो, मागच्या रांगेला पडदा दिसत नव्हता, साहेब स्लाइड वाचून दाखवत होते, दुपारी सह्या झाल्या, चहा झाला, घरी आलो. दुसऱ्या दिवशी वर्गात लॅपटॉप टीव्हीला जोडला तर चित्र टीव्हीवर आणि आवाज लॅपटॉपमधून. ३४ पोरं समोर बसलेली, कोणाला फोन करू. लॅपटॉपमध्ये खाली स्पीकरच्या चिन्हावर जाऊन आवाज टीव्हीकडे वळवायचा असतो, दहा सेकंदाचं काम आहे, पण हॉलमध्ये ते कोणी दाखवलं नाही कारण हॉलमध्ये माइक होता. त्यानंतर मी तीन महिने तो टीव्ही लावला नाही. असे तीन महिने किती शाळांमध्ये गेले असतील याचा विचार केला की जीव तुटतो.

सरकारी ट्रेनिंग वाईट असतं असं माझं म्हणणं नाही. २०१९ मध्ये निष्ठा नावाचं देशभरचं शिक्षक-प्रशिक्षण सुरू झालं, पुढच्या वर्षी ते दीक्षा या सरकारी शिक्षण ॲपवर ऑनलाइन आलं, त्यातले काही कोर्स खरंच चांगले आहेत. पण राज्यातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून तालुक्याला, तालुक्यातून केंद्राला असं जे खाली येतं, ते प्रत्येक पायरीवर थोडं थोडं सांडतं. शेवटच्या शाळेत पोचेपर्यंत लिंक उरते आणि सर्टिफिकेट उरतं. म्हणून शेवटची पायरी आपण आपल्या हातानं बांधायची, ती कशी ते सांगतो.

आधी चिठ्ठ्या घ्या

ॲपपासून सुरुवात करू नका. बहुतेक ट्रेनिंग इथंच फसतात, "आज आपण अमुक ॲप शिकू" आणि मग ते ॲप कशासाठी वापरायचं ते प्रत्येकानं आपापलं शोधायचं. आम्ही शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, कोरे कागद वाटतो आणि एकच प्रश्न विचारतो, येत्या महिन्यात शिकवायचा असा कोणता भाग आहे जो दरवर्षी शिकवूनही पोरांच्या डोक्यात बसत नाही. नाव लिहायचं नाही. सुरुवातीला लोक अंग चोरतात, कारण आपल्याला जमत नाही असं कागदावर लिहायची सवय कोणालाच नसते, म्हणून पहिली चिठ्ठी मी माझी वाचून दाखवली, त्यात लिहिलं होतं की चौथीतला अपूर्णांक मी इतकी वर्षं पोळीवर शिकवला आणि तरी पोरं एक अष्टमांशाला एक चतुर्थांशापेक्षा मोठं म्हणतात. मग बाकीच्यांचे हात चालले. चंद्राच्या कला, विजेचं मंडल (सर्किट), नकाशात दिशा, जोडाक्षरं, इंग्रजीचं उच्चारण, अशा चिठ्ठ्या निघाल्या.

मग प्रत्येक चिठ्ठीवर बोलायचं की इथं टीव्ही किंवा मोबाईलनं खरंच काही फायदा आहे का. जोडाक्षराला नाही, त्याला खडू, पाटी आणि मोठ्यानं वाचणं हेच बरं. चंद्राच्या कलांना आहे, कारण महिनाभराचं आकाश वर्गात आणता येत नाही. पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर या दोन शिक्षण-संशोधकांनी २००६ मध्ये हेच मांडलं होतं, विषयाचं ज्ञान, शिकवायची रीत आणि तंत्रज्ञान ही तिन्ही एकमेकांत मिसळली तरच उपयोग आहे, नुसतं तंत्रज्ञान वेगळं शिकवून भागत नाही. आमच्या चिठ्ठ्या म्हणजे तेच आहे, फक्त तुरीच्या शेतात बांधावर बसून बोलावं तसं.

गट लहान ठेवा, शनिवार धरा

अख्खं केंद्र एकत्र बोलवू नका. जवळजवळच्या तीन-चार शाळा, सहा ते आठ शिक्षक, बस. आपल्या बहुतेक शाळा द्विशिक्षकी आहेत, शिक्षण हक्क कायद्यातच ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक असं धरलंय, म्हणजे एक गुरुजी ट्रेनिंगला गेले की दुसऱ्याच्या डोक्यावर पहिली ते चौथी, वरून खिचडी, वरून ऑनलाइन माहिती भरणं. त्या मागे राहिलेल्या माणसाचे हाल आपल्याला माहीत आहेत. म्हणून आम्ही शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर बसतो, अडीच तास, दर वेळी वेगळ्या शाळेत. बसायच्या आधी एसटी आणि ऑटोच्या वेळा विचारा. आमच्या गटातल्या दोन मॅडमची परतीची गाडी चुकली तर पुढची संध्याकाळी, मग ट्रेनिंग कितीही चांगलं असो त्यांचं अर्धं लक्ष घड्याळात राहणार, आणि त्यात त्यांची काही चूक नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकानं वर्षाला ५० तास व्यावसायिक विकासाला द्यावेत असं म्हटलंय. ऐकायला बम वाटतं, पण दहा महिने धरले तर महिन्याला पाच तास, म्हणजे दोन शनिवार.

जागा मात्र शाळाच हवी, कोणाचं घर नको, तालुक्याच्या गटसाधन केंद्राचा (शिक्षक-प्रशिक्षणाच्या जागेचा) हॉल नको. कारण प्रत्येक शाळेचा टीव्ही वेगळा, त्याचा रिमोट वेगळा, प्लगची जागा वेगळी, खिडकीतून पडणारा उजेड वेगळा. हे सगळं त्या खोलीत उभं राहूनच समजतं.

पहिला शनिवार फक्त वायरींचा

पहिल्या दिवशी शिकवण्याबद्दल एक शब्द काढू नका. टीव्ही उघडा, मागं उंदरानं वायर कुरतडली का पहा (दोन महिने बंद खोलीत हे होतंच), इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी आहे का पहा, आणि मग प्रत्येकाला स्वतःच्या हातानं जोडू द्या. तुम्ही हात लावायचा नाही. हे सगळ्यात अवघड आहे, समोरचा माणूस चुकीच्या भोकात पिन घालताना दिसतो आणि आपला हात पुढं जातो, तो मागं घ्यायचा. ज्याच्या हातात रिमोट तोच शिकतो.

पेनड्राइव्हनं लोकांना फार रडवलंय म्हणून जरा सविस्तर सांगतो. १६ किंवा ३२ जीबीचा घ्या. ६४ आणि त्याच्या पुढचे बरेच एक्सफॅट नावाच्या पद्धतीनं तयार केलेले येतात आणि जुने टीव्ही ते वाचत नाहीत, टीव्ही म्हणतो पेनड्राइव्ह नाही, आपल्याला वाटतं बिघडला. लॅपटॉपवर तो फॅट ३२ मध्ये फॉर्मॅट करून घ्या, आतलं सगळं पुसलं जाईल म्हणून आधी कॉपी काढा. फॅट ३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही हे लक्षात ठेवा, पण वर्गात दाखवायचा व्हिडिओ एवढा मोठा असायचं कारणच नाही, पाच मिनिटांच्या वर गेला की पोरं खिडकीबाहेर पाहतात. व्हिडिओ एमपी-४ मधला ठेवा, तो जवळपास सगळ्या टीव्हीत चालतो.

दीक्षा ॲपमधून डाउनलोड केलेलं मात्र ॲपच्या आतच राहतं, ते पेनड्राइव्हवर शोधू नका. त्यासाठी फोनचा पडदा टीव्हीवर घ्यायला शिका. बऱ्याच स्मार्ट टीव्हीत स्क्रीन मिररिंग असतं, त्यात फोन थेट टीव्हीला जोडला जातो, इंटरनेट लागत नाही. हे लोकांना माहीतच नसतं, आमच्या गटात सहा जणांपैकी चौघांना वाटत होतं की गावात रेंज नाही म्हणजे टीव्हीचा उपयोग नाही. डाउनलोड तालुक्याला गेल्यावर करायचं, बाजाराच्या दिवशी, पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करून, आणि वर्गात रेंजशिवाय दाखवायचं. ही एक गोष्ट कळली आणि लोकांची अर्धी भीती गेली.

लाइट जाणार हे धरूनच चाला. प्रत्येक पाठाला लाइट गेल्यावर काय करायचं हे टाचणात एका ओळीत लिहून ठेवा.

मग एक पाठ, सगळे मिळून

दुसऱ्या शनिवारी एक चिठ्ठी घ्यायची आणि तो पाठ सगळ्यांनी मिळून बसवायचा. आमचा पहिला पाठ विजेच्या मंडलाचा होता. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठानं फेट नावाचा प्रकल्प चालवलाय, २००२ पासून, भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेले कार्ल वीमन यांनी सुरू केलेला. त्यात स्क्रीनवर बॅटरी, वायर, बल्ब उचलून आपण मंडल जोडायचं. फुकट आहे, मराठीत आहे, आणि एकदा लॅपटॉपवर फाइल उतरवून घेतली की इंटरनेटशिवाय ब्राउजरमध्ये उघडते.

पहिला प्रयत्न आमचा फसला. ज्या सरांनी पाठ घेतला त्यांनी टीव्हीवर आधीच पूर्ण मंडल जोडून दाखवलं, बल्ब लागला, पोरांनी टाळ्या वाजवल्या, पाठ संपला. नंतर मी एका पोराला विचारलं की बॅटरीतून निघालेला करंट कुठं जातो, तर तो म्हणाला, "बल्बात जाते अन् तिथं संपून जाते सर." टाळ्या वाजवणाऱ्यातला होता तो. जगभरच्या मुलांची ही समजूत असते की बल्ब करंट खाऊन टाकतो, आणि आमच्या पाठानं तिला हातही लावला नव्हता.

मग आम्ही त्याच पाठाचा क्रम फिरवला, जवळच्या दुसऱ्या शाळेत, पंधरा दिवसांनी. आधी टीव्ही बंद. मॅडमनी फळ्यावर बॅटरी आणि बल्ब काढला, बल्बच्या अलीकडची वायर आणि पलीकडची वायर दाखवली, आणि विचारलं, करंट कुठं जास्त, अलीकडे की पलीकडे की सारखा. प्रत्येकानं वहीत लिहायचं, शेजाऱ्याला पटवून सांगायचं. चांगली पाच मिनिटं भांडण चाललं. एक मुलगी म्हणाली पाटाचं पाणी वावरात जाते तं पुढं कमी होते, तसंच. दुसरा म्हणाला तसं असतं तं दुसरी वायर कायले पाहिजे. आता टीव्ही लावला. स्क्रीनवर वायरीतून निळे गोळे सरकतात, ते इलेक्ट्रॉन. मॅडमनी काहीच सांगितलं नाही, फक्त म्हणाल्या, बोट लावून मोजा. दोन पोरं टीव्हीजवळ गेली, बल्बच्या अलीकडे आणि पलीकडे बोट ठेवून गोळे मोजू लागली, आणि मोजता मोजता त्यातला एक वळून म्हणाला, "मॅडम, सारखेच हाय." वर्ग एकदम गप्प. मग मॅडमनी बॅटरीची दोन्ही टोकं बल्ब न लावता नुसत्या वायरनं जोडली, स्क्रीनवर बॅटरीला आग लागली, ओरडा झाला, आणि तिथून शॉर्टसर्किट आपोआप आलं. शेवटी टॉर्चचा सेल, वायर आणि छोटा बल्ब प्रत्येक गटाच्या हातात. सेल आणि वायर स्वतः जोडल्याशिवाय स्क्रीनवरचं पोरांना कार्टूनच वाटतं, हे माझं ठाम मत आहे.

ट्रेनिंग ते हेच. यात लॅपटॉप जोडणं आलं, फाइल उघडणं आलं, टच कसा करायचा ते आलं, पण मुख्य म्हणजे टीव्ही कधी बंद ठेवायचा ते आलं. तुम्ही कोणताही पाठ घ्या, हा क्रम घेऊन पहा, आधी अंदाज, मग वाद, मग स्क्रीन, मग हातात वस्तू.

बाजूला बसणारा सोबती

ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स या अमेरिकन संशोधकांनी १९८० च्या सुमारास शिक्षकांच्या ट्रेनिंगवर बरंच काम केलं. त्यांचं सांगणं असं की माहिती दिली, करून दाखवलं, सरावही घेतला, तरी वर्गात गेल्यावर फार थोडे शिक्षक ते वापरतात, पण वर्गात सोबत करणारं कोणी असलं की मग ते टिकतं. आपल्याकडे हे सोबत करणं आणि निरीक्षण यांची गल्लत होते. वर्गात कोणी मागं बसलं की शिक्षकाला वाटतं आता शेरा येणार.

म्हणून काही गोष्टी आधीच ठरवून घ्या. मागं बसणाऱ्यानं शिक्षकाकडे पाहायचंच नाही, पोरांकडे पाहायचं. कोणतं पोरगं कोणत्या क्षणी पुढं सरकलं, कोणतं गळपटलं, मागच्या कोपऱ्यातल्या दोघींना स्क्रीन दिसत होता का, एवढंच वेळेसकट लिहायचं. कोणताही फॉर्म भरायचा नाही, फोटो काढून ग्रुपवर टाकायचा नाही. केंद्रप्रमुख आले तर त्यांनीही तसंच बसायचं, आमच्याकडे हे त्यांना स्पष्ट सांगितलं आणि त्यांनी मोठ्या मनानं ऐकलं, तुमच्याकडेही सांगून पहा. पाठ झाल्यावर चहा घेता घेता आधी पाठ घेणाऱ्यानं बोलायचं, मग लिहिलेलं वाचायचं, आणि उठायच्या आधी पुढच्या वेळी एक गोष्ट काय बदलायची ते ठरवायचं. एकच. पाच बदल सांगितले की माणूस एकही करत नाही.

एक साधन तीनदा वापरून होईपर्यंत दुसरं हातात घेऊ नका. नवीन काहीतरी दाखवून राहिले की लोकांना ट्रेनिंग भारी वाटतं, पण वर्गात काही उतरत नाही.

आपली भाषा, आपल्या पोरांची भाषा

आमच्या भागात कोलाम आदिवासींच्या पोडावरची (वस्तीवरची) पोरं कोलामीत बोलतात, मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया. तयार व्हिडिओ मराठीत, तोही पुस्तकी. पहिलीतल्या पोराला घरची भाषा एक, मास्तरची दुसरी, टीव्हीची तिसरी. इथं मोबाईलचा सगळ्यात चांगला उपयोग मला सापडला, आणि त्याला कोणतंच महागडं ॲप लागत नाही, फोनमधला साधा रेकॉर्डर पुरतो. एका शनिवारी आम्ही फक्त हेच केलं. गावातल्या एका आजीला शाळेत बोलावलं, तिनं शेतातल्या वस्तूंची, पाखरांची, नात्यांची नावं कोलामीत सांगितली, आम्ही एकेक शब्द वेगळा रेकॉर्ड केला, वस्तूचा फोटो काढला, आणि फोटो-आवाज जोडून स्लाइड बनवल्या. शिक्षकांना यातून रेकॉर्डिंग, फाइलला नाव देणं, स्लाइडमध्ये आवाज टाकणं हे सगळं आलं, आणि सोमवारी पहिलीच्या वर्गात आजीचा आवाज टीव्हीतून आला तेव्हा एक पोरगी, जी जुलैपासून तोंड उघडत नव्हती, उठून टीव्हीजवळ गेली आणि आजीच्या मागं मागं शब्द म्हणू लागली. मॅडमचा मला लगेच फोन आला, बोलता बोलता त्यांचा गळा दाटला होता.

रेकॉर्ड करायच्या आधी त्या माणसाला विचारा आणि हे कुठं कुठं वाजणार ते सांगा. पोरांच्या बाबतीत तर जास्तच जपा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती धरलेली आहे, पण कायदा बाजूला ठेवला तरी गावातल्या पोरीचा व्हिडिओ पन्नास ग्रुपवर फिरणं बरं नाही. गटाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोरांचे चेहरे नको, आणि परिपत्रकंही नको, त्यांना दुसरे ग्रुप आहेत. फक्त पाठाबद्दल बोला, अडलं तर आवाज रेकॉर्ड करून विचारा, मराठी टाइप करायला वेळ लागत असेल तर कीबोर्डवरचं माइकचं बटन दाबून बोला, मराठी चांगलं उमटतं.

झालं की नाही हे कसं पाहायचं, तर सर्टिफिकेट मोजू नका. दोन महिन्यांनी परत त्याच चिठ्ठ्या काढा आणि त्या त्या वर्गातल्या चार-पाच पोरांशी बसून बोला, करंट कुठं जातो, एक अष्टमांश मोठा की एक चतुर्थांश. उत्तर बदललं असेल तर ट्रेनिंग झालं. नसेल तर तोच पाठ परत बसवा, लाज वाटून घेऊ नका, आमचा अपूर्णांकाचा पाठ आता चौथ्यांदा बसवणं चालू आहे आणि अजून माझं समाधान नाही.

पुढचा शनिवार पोळ्याच्या आधीचा आहे, त्या रिटायरमेंटजवळच्या मॅडमच्या शाळेत बसायचं आहे. त्यांनी चंद्राच्या कलांची चिठ्ठी उचललीय, आणि काल फोन करून सांगितलं की सर, लॅपटॉप टीव्हीला जोडायची एचडीएमआयची लांब वायर तेवढी घेऊन या, टीव्ही मी स्वतः लावून ठेवते.